नोजव्हील ठेवायचं की टेलव्हील करायचं?

४० साइजच्या ट्रेनरचं, म्हणजे .४० क्युबिक इंच इंजिनाच्या वर्गातल्या, शिकाऊ रिमोट कंट्रोल मॉडेल विमानाचं पुढचं चाक (नोजव्हील) काढून शेपटीखाली छोटं चाक (टेलव्हील) करायचं मनात असेल तर आधी बघा की तुम्ही उडवता कुठे. डांबरी किंवा सिमेंटची पट्टी असेल तर नोजव्हीलच बरं, मुख्य चाकं सीजीच्या (विमानाच्या गुरुत्वमध्याच्या) मागे असतात म्हणून विमान आपोआप सरळ पळतं, नवशिक्याला फार सोपं जातं. पण गवत, ढेकळं, खड्डे असले की पुढच्या चाकाची तार सारखी वाकते आणि जरा जोरात आपटलं तर फायरवॉलच (इंजिन बसवायची पुढची फळी) उखडते, माझी दोनदा उखडलीये, खूप वाईट वाटतं हो.

टेलव्हीलला ते दुखणंच नाही, वजन कमी, प्रॉप जमिनीपासून उंच, गवतात मस्त धावतं. फक्त मुख्य चाकं सीजीच्या पुढे न्यावी लागतात, एक्सल साधारण विंगच्या लीडिंग एजखाली (पुढच्या कडेखाली) येऊ द्या, मागे राहिला तर विमान नाकावर पडतं, फार पुढे गेला तर उड्या मारतं आणि धावताना गर्रकन फिरतं. चाकांची पुढची बाजू किंचित आत वळवलेली ठेवा, त्याने खूप फरक पडतो. टेकऑफला थ्रॉटल हळूहळू, सुरुवातीला थोडा अप एलेव्हेटर (म्हणजे शेपटी जमिनीवर दाबलेली राहते) आणि विमान सरळ ठेवायला उजव्या रडरवर बोट तयार.

आणि सीजी परत तपासाच! पुढचं वजन गेलं, शेपटीत आलं, म्हणजे बॅटरी पुढे सरकवावी लागणार, टेलहेवी विमान अजिबात उडवू नका. लँडिंग नीट जमायला लागली असेल आणि मैदान गवताचं असेल तर माझं मत टेलव्हीललाच.