राउटरच्या फ्लॅशमधील फाइली: सिस्को आयओएसच्या फाइल व्यवस्थेचे परीक्षण

राउटरची परीक्षणे बहुधा वेग, पोर्टची संख्या आणि सुरक्षेच्या सोयी यांवर थांबतात. त्यातील फ्लॅश मेमरी (वीज गेली तरी फाइली टिकवणारी साठवण) आणि तिच्यातील फाइली हाताळण्याची सोय यांकडे कोणी फारसे पाहत नाही, कारण ती सोय वर्षातून दोन-तीनदाच वापरली जाते. मात्र ज्या दिवशी ती वापरावी लागते, त्या दिवशी एका चुकीच्या आज्ञेने राउटर पुन्हा सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून सिस्को कंपनीच्या राउटरांवर चालणाऱ्या आयओएस या कार्यप्रणालीतील केवळ याच भागाचा येथे विचार केला आहे.

प्रथम दर्शनी ही व्यवस्था अतिशय नीटनेटकी वाटते. फ्लॅश, एनव्हीरॅम (राउटरच्या मांडणीची फाइल जपणारी छोटी मेमरी), यूएसबीवरील मेमरी, टीएफटीपी किंवा एफटीपी (जाळ्यावरून फाइली पाठवण्याच्या पद्धती) सर्व्हर यांपैकी प्रत्येक ठिकाणाला एक नाव असते, त्या नावापुढे कोलन (:) हे चिन्ह लावायचे आणि ‘कॉपी’ या एकाच आज्ञेने कोठूनही कोठेही फाइल न्यायची. ‘शो फाइल सिस्टिम्स’ ही आज्ञा दिली की सर्व ठिकाणांची यादी, प्रत्येकातील एकूण व मोकळी जागा आणि ते केवळ वाचण्यासाठी आहे की लिहिण्यासाठीही, हे एका दृष्टिक्षेपात समजते. सध्याच्या गृहीत ठिकाणासमोर तारांकन असते. निर्देशिका बनवणे, नाव बदलणे, मजकूर पाहणे यांच्या आज्ञा संगणकावर काम करणाऱ्याला नव्याने शिकाव्या लागत नाहीत.

अडचण सुरू होते ती ‘डिलीट’ या शब्दापाशी. शब्द एकच असला तरी त्याचा अर्थ फ्लॅशच्या प्रकारानुसार बदलतो. सिस्कोने आपल्या फाइल व्यवस्थांचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग केले आहेत. ए वर्गात डिलीट केलेली फाइल प्रत्यक्षात जागची हलत नाही. तिच्यावर फक्त ‘पुसलेली’ अशी खूण होते. फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या ‘डिर’ या आज्ञेत ती दिसत नाही, परंतु ‘डिर’ला ‘ऑल’ जोडले की दिसते, आणि तिच्या अनुक्रमांकाने ‘अनडिलीट’ करून ती परतही आणता येते. नावाऐवजी अनुक्रमांक मागण्याचे कारण रास्त आहे, कारण एकाच नावाच्या अनेक पुसलेल्या फाइली तेथे असू शकतात. याचा दुसरा अर्थ असा की ‘स्क्वीझ’ ही आज्ञा देईपर्यंत जागा मोकळी होत नाही. फ्लॅशमध्ये एकेक बाइट नव्हे तर संपूर्ण खंड पुसावा लागतो, त्यामुळे स्क्वीझला काही मिनिटे लागू शकतात आणि त्यानंतर पुसलेली फाइल परत मिळत नाही. बी वर्ग जुन्या लहान राउटरांचा. त्यांतील अनेकांवर जागा परत मिळवायची तर सगळी फ्लॅश पुसण्यावाचून मार्ग नसतो. सी वर्ग मात्र डॉस या संगणकाच्या जुन्या कार्यप्रणालीच्या पद्धतीचा असल्याने तेथे डिलीट म्हणजे तत्काळ आणि कायमचे डिलीट. ए वर्गावर हात बसलेला तंत्रज्ञ सी वर्गाच्या राउटरवर ‘चुकलेच तर अनडिलीट करू’ या भरवशावर राहिला, तर त्याला सावध करणारे तेथे काहीच नाही. वर्ग कोणता हे प्रॉम्प्टवरच, म्हणजे आज्ञा लिहितो त्या ओळीवरच, स्पष्ट दिसायला हवे होते, असे माझे मत आहे.

याहून मोठा दोष म्हणजे मौन. बहुतेक राउटरांवर आयओएसची इमेज, म्हणजे कार्यप्रणालीची फाइल, संकुचित स्वरूपात फ्लॅशमध्ये असते आणि सुरू होताना रॅममध्ये उलगडून तेथूनच चालते. फाइलीच्या नावातील ‘एमझेड’ ही अक्षरे हेच सांगतात. त्यामुळे चालू असलेल्या इमेजची फाइल पुसली तरी राउटर निर्विकारपणे चालत राहतो, महिनोन्महिने चालतो, आणि चूक उघड होते ती वीज जाऊन आल्यावर. तशीच गत कोणती इमेज सुरू करायची हे सांगणाऱ्या ‘बूट सिस्टिम’ या ओळींची आहे. नवी ओळ लिहिली की ती जुन्या ओळींच्या खाली जाते आणि राउटर त्या वरून खाली क्रमाने तपासतो. साहजिकच, जुनी ओळ काढली नाही तर नवी इमेज फ्लॅशमध्ये असूनही सुरू होते ती जुनीच. ओळच नसेल तर फ्लॅशमध्ये सापडणारी पहिली इमेज उचलली जाते.

नवी इमेज आणण्यासाठी टीएफटीपी हा अनेकांचा सवयीचा मार्ग असला तरी तो आता मागे ठेवावा. १९९२ च्या प्रमाणानुसार त्यात ५१२ बाइटांचे ठोकळे जातात आणि ठोकळ्याचा क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणजे ६५,५३५ ठोकळ्यांनंतर, साधारण ३२ मेगाबाइटवर, मोजणी संपते. १९९८ मध्ये ठोकळ्याचा आकार वाढवण्याची सोय आली आणि काही सर्व्हर क्रमांक पुन्हा आरंभापासून मोजून वेळ मारून नेतात; तरीही एससीपी (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) किंवा एफटीपी अधिक भरवशाचे. जुन्या आवृत्त्यांत कॉपी करताना ‘आधी फ्लॅश पुसायची का’ असा प्रश्न येतो आणि नुसते एंटर दाबले की त्याचा अर्थ होकार धरला जातो. इतक्या विध्वंसक प्रश्नाचे गृहीत उत्तर ‘हो’ ठेवणाऱ्याची कल्पकता मला अजून उमगलेली नाही.

फाइल शाबूत आहे का हे तपासणारी ‘व्हेरिफाय’ ही आज्ञा मात्र निःसंशय कौतुकास पात्र आहे. तिला ‘एमडी५’ जोडून मिळणारी, फाइलीच्या मजकुरावरून काढलेली संख्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या संख्येशी ताडून पाहिल्याशिवाय रीलोड करू नये, म्हणजे राउटर पुन्हा सुरू करू नये. इमेज अर्धवट उतरली असेल तर पुढचा मार्ग रॉममॉनिटरचा (इमेज नसतानाही चालणारा राउटरमधील छोटा प्रोग्राम), आणि जाळे हाताशी नसेल तर कन्सोलवरून, म्हणजे राउटरला थेट केबलने जोडण्याच्या पोर्टवरून, एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे ३० मेगाबाइटच्या इमेजला किमान नऊ तास. वेग १,१५,२०० केला तरी पाऊण तास लागतोच.

इतरांकडेही डोळसपणे पाहावे. मायक्रोटिकच्या काही लहान राउटरांवर ‘फ्लॅश’ नावाच्या निर्देशिकेबाहेर ठेवलेली फाइल रॅममध्ये राहते व पुन्हा सुरू करताच नाहीशी होते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या मुक्त कार्यप्रणालीमध्ये मूळ भाग केवळ वाचनीय असल्याने त्यातील फाइल पुसून जागा वाढत नाही. या तुलनेत आयओएस सरळ वाटते. त्याच घरातील नव्या आयओएस एक्सईने तर इन्स्टॉल पद्धतीत ‘इन्स्टॉल रिमूव्ह इनॅक्टिव्ह’ देऊन, नको असलेल्या फाइलींची यादी आधी दाखवून परवानगी मागण्याचा शहाणपणा केला आहे.

जुन्या आयओएसवर राहणाऱ्यांसाठी, फ्लॅशचा प्रकार अनुकूल असेल तर, चालू इमेजला संरक्षण देणारी ‘सिक्युअर बूट-इमेज’ ही सोय उपलब्ध आहे. ती वापरली की चालू इमेज ‘डिर’च्या यादीतून दिसेनाशी होते, आणि ही सोय बंद करायची तर दुरून जोडणी करून चालत नाही, कन्सोलवरूनच यावे लागते.