घरच्या घरी फोटो-गाण्यांची डीव्हीडी: आठ महिने वापरल्यावर, आणि आत्याचं डोकं

काल डीव्हीडी लिहायचा रायटर सर्व्हिस सेंटरवरून परत आला, बरोबर तेवीस दिवसांनी, आणि कागदावर काय लिहिलंय तर "नो फॉल्ट फाउंड", खाली तपासणीचे ३५० रुपये. वॉरंटी चालू असताना! मी म्हटलं फॉल्टच नाही तर पैसे कसले, तर काउंटरवरचा म्हणतो सर, तपासला ना. म्हणजे डॉक्टरने नाडी बघून घरी पाठवावं तसं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण सहा डिस्क माझ्या लिहिता लिहिता साठ-पासष्ट टक्क्यांवर मेल्यात आणि यांना फॉल्ट सापडत नाही.

आता आधीचं सांगतो. आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, स्टुडिओवाल्याने दोनशे फोटो, गाणी आणि दहा डिस्कचे ४५०० सांगितले. साडेचार हजार! म्हटलं यूएसबीचा बाहेरून लावायचा रायटर १६५० ला मिळतो, पन्नास डिस्कचा डबा ७५० ला, आणि डिस्क बनवायचं सॉफ्टवेअर डीव्हीडीस्टायलर फुकट आहे. पूर्वी विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयताच यायचा, ८ पासून काढून टाकला, नाहीतर एवढंही शोधावं लागलं नसतं.

पेनड्राइव्ह का नाही, हे सगळे विचारतात म्हणून सांगतो. गावाकडे अजून डबा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे. प्लेअरला फोटो दिले तर दाखवतो, गाणी दिली तर वाजवतो, पण दोन्ही एकदम आणि माझ्या क्रमाने नाही ना करत. शिवाय डिस्क अल्बमच्या कप्प्यात राहते, पेनड्राइव्ह नातू घेऊन जातो.

पहिली चूक स्कॅनिंगची. सगळे जुने फोटो १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, स्कॅन केले, दोन शनिवार-रविवार गेले, हार्डडिस्क भरली. नंतर कळलं की आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या डिस्कवर चित्रच ७२० बाय ५७६ चं, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपके. ३०० ला केले असते तरी पुष्कळ होते. गाण्यांचंही तसंच. आधी फोटोला सरळ सहा सेकंद दिले, दोनशे फोटो म्हणजे वीस मिनिटं, आणि शेवटचं गाणं ऐन अंतऱ्यात तुटलं. आता उलटं करतो: गाण्यांचे एकूण सेकंद काढायचे, फोटोंच्या संख्येने भागायचं, जो आकडा येईल तो एका फोटोला. सनई बारीक आणि पुढचं गाणं ढणढण असं झालं होतं, ते ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पातळीला आणलं. मेनू ठेवलाच नाही, डिस्क घातली की सुरू, कारण आमच्याकडे मेनू आला की रिमोट शोधण्यात अर्धा तास जातो.

बारा डिस्क वाटल्या आणि आत्याचा फोन. "अरे, अण्णाच्या लग्नात मला डोकं नव्हतं का?"

मला वाटलं चेष्टा करतेय. लॅपटॉपवर बघितलं, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत आत्या डोक्यासकट उभी आहे, अंबाड्यातला गजरासुद्धा दिसतोय. मग गावाला जाऊन तिच्या टीव्हीवर लावली तर खरंच मान आणि वर टीव्हीचं प्लास्टिक! मागची अख्खी रांग बिनडोक्याची. या प्रकाराला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुने टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या पडद्याबाहेर ढकलतात, म्हणून टीव्हीवाले महत्त्वाचं सगळं मधल्या नव्वद टक्क्यांत ठेवायचे आणि अक्षरं तर मधल्या ऐंशीत. लग्नाच्या फोटोग्राफरला हे कुठून माहीत असणार, त्याने फ्रेम काठोकाठ भरलेली.

बारा डिस्क म्हणजे १८० रुपये पाण्यात. पुढचे दोन महिने मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी इरफानव्ह्यू या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकदम घेऊन ६९० बाय ५१८ मध्ये बसवले आणि भोवती ७६८ बाय ५७६ चा काळा कॅनव्हास दिला. ७६८ अशासाठी की डिस्कवरचे ७२० ठिपके ४:३ टीव्हीवर तेवढे पसरतात. आत्याला डोकं आलं. पण तिच्या मुलाकडे ४३ इंची नवा टीव्ही, तो कडा कापतच नाही, तो म्हणतो दादा, आई-अण्णांच्या फोटोला काळी चौकट काय दिलीस, श्रद्धांजलीसारखी वाटतेय. ऐकूनच घाम फुटला. आता चौकट फिकट बदामी रंगाची करतो, जुन्या टीव्हीवर दिसत नाही, नव्यावर अल्बमच्या पानासारखी दिसते. तिसऱ्यांदा डिस्क वाटल्या.

थांबा. वरचं सगळं सकाळी रागात लिहिलं होतं, पहिला परिच्छेद तसाच ठेवतो पण आता सांगणं भाग आहे. दुपारी भाचा आला, त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं आणि विचारलं, "मामा, रायटर कायम या पुढच्या पोर्टलाच लावता?" मागच्या पोर्टला लावला, लिहायचा स्पीड ८ वरून ४ वर आणला, आणि लागोपाठ तीन डिस्क शंभर टक्के. डिस्क लिहिताना रायटर करंट जास्त ओढतो, पुढच्या पोर्टची वायर लांबची आणि बारीक, तिथे मार खात होता. म्हणजे फॉल्ट खरंच नव्हता. रायटरला एक स्टार दिला होता त्याचे तीन केले. तपासणीच्या ३५० पायी दोन स्टार कापलेच.

हिशेब: १६५० अधिक ७५० अधिक ३५०, म्हणजे २७५०. स्टुडिओपेक्षा १७५० वाचले. बायको म्हणते आठ महिन्यांची मजुरी धर, ती मी धरत नाही. ट्रे मधूनमधून अडकतो, समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घातली की उघडतो, तेवढं चालतं.

परवा आत्याचा परत फोन. डोकं दिसतंय म्हणाली, छान आलंय म्हणाली, पण पैठणीचा काठ सारखा लुकलुकतोय, ते काय? ते असं की हा टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा एकाआड एक ओळी रंगवतो, काठाची बारीक आडवी रेघ एकाच ओळीत आली तर ती फक्त निम्म्या फेऱ्यांत दिसते, फोटो किंचित पुसट केला की थांबतं. म्हणजे चौथ्यांदा डिस्क. मी म्हटलं, "आत्या, खऱ्या जरीची आहे ना ती, चमकणारच." खूश झाली.