आलान पेटर्सॉनच्या सिंफनी : बरेच महिने ऐकल्यावर

आलान पेटर्सॉन (१९११–१९८०) या स्वीडिश संगीतकाराचं नाव काढलं की जो तो सातवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) सुचवतो. ती थोर आहेच, पण तिथून सुरुवात करू नका. आधी त्यांची ‘अनवाणी गाणी’ ऐका. १९४३ ते १९४५ या काळातली ही २४ गाणी. शब्दही त्यांचेच, साथीला फक्त पियानो. चाल साधी, कडव्यामागून कडवं तीच. स्टॉकहोमच्या सोदरमाल्म या त्या काळच्या गरीब वस्तीत ते वाढले, ते या गाण्यांत सरळ ऐकू येतं. पुढच्या अजस्र सिंफनींचा धागाही इथेच सापडतो: सहाव्या सिंफनीचा दीर्घ उत्तरार्ध यातल्या एका गाण्यावर उभा आहे, दुसरा व्हायोलिन कॉन्चर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना) दुसऱ्या एका गाण्यावर. वाद्यवृंदाचे संचालक अंताल दोराती यांनी यातली आठ गाणी वाद्यवृंदासाठी बांधली, तीही छान आहेत. पण पहिल्यांदा पियानोवालीच घ्या, शब्दांचं भाषांतर समोर ठेवून.

त्यानंतर तंतुवाद्यांसाठीचा तिसरा कॉन्चर्टो (१९५६–५७), त्यातही फक्त मधला ‘मेस्तो’ (म्हणजे उदास) भाग. तो एकटाच पंचवीसेक मिनिटांचा आहे. पेटर्सॉन स्वतः स्टॉकहोमच्या वाद्यवृंदात दशकभर व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं खालच्या सुराचं वाद्य) वाजवत होते, आणि मधल्या आवाजांची वीण त्यांच्याइतकी घट्ट फार थोड्यांना जमते. इथे पितळी वाद्यं नाहीत, ढोल नाहीत, त्यामुळे ती वीण उघडी दिसते.

आता सातवी. १९६६–६७ मध्ये लिहिलेली, १९६८ मध्ये दोराती यांच्याच हाताखाली पहिल्यांदा वाजलेली. चाळीस ते शेहेचाळीस मिनिटं, एकच सलग भाग. बी मायनर या स्वरपट्टीत, खालच्या सुरांत सुरुवात होते, मग खर्जातल्या पितळी वाद्यांची एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा ठोकत राहते. दाब वाढत जातो, फुटतो, आणि अर्ध्याच्या बरंच पुढे तंतुवाद्यांचा एक लांब, शांत प्रदेश लागतो. तो गोड वाटतो म्हणून तिथूनच लावायचा मोह होतो. तसं केलंत तर तो नुसता गोडच वाटेल. आधीची वीसपंचवीस मिनिटं सोसल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

इथेच ऐकण्याच्या साधनांची गडबड होते. अॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बंद करा. सिंफनीचे चार-पाच ट्रॅक पाडलेले असतील आणि अॅप प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा समतल करत असेल, तर शांत भाग वर उचलला जातो, स्फोट खाली दबतो, आणि रचनेचा कणाच मोडतो. गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड पडू न देणारी सोय) सुरू नसेल तर सलग सुराच्या मधोमध खाच पडते. आवाज सगळ्यात मोठ्या भागावर बेतून ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. रस्त्यावर, बसमध्ये हे ऐकण्यात अर्थ नाही. निम्मं संगीत गोंगाटात बुडतं.

सातवीच्या ध्वनिमुद्रणांपैकी दोराती यांचं सगळ्यात ताणलेलं, लगबगीचं. ध्वनी जुना असला तरी पहिल्या ओळखीला तेच. संचालक लेइफ सेगेर्स्ताम संथ जातात, शांत भागाला ऐसपैस जागा देतात. क्रिस्तियान लिंडबर्ग यांच्या मुद्रणात, स्वीडनमधल्या नॉरशॉपिंगच्या वाद्यवृंदासह, थर सर्वांत स्वच्छ सुटे होतात. चार ऐकण्यांनंतर याच्याकडे वळावं.

दमायला का होतं? तासभर एकच राग ऐकणाऱ्या कानाला लांबी जड जात नाही. जड जातं ते सम न येणं: पेटर्सॉन विसावा देतच नाहीत, आणि दोन-तीन थर वेगवेगळ्या गतीने एकाच वेळी धावतात. कान साहजिकच सगळ्यात मोठ्या आवाजामागे, म्हणजे बहुधा साइड ड्रम या छोट्या, कडकडणाऱ्या ढोलामागे जातो आणि पाच मिनिटांत थकतो. त्याऐवजी सगळ्यात संथ थर धरा, तो बहुतेक वेळा खालच्या तंतुवाद्यांत असतो. वरचा कल्लोळ मग आपोआप जागेवर बसतो.

नववी (१९७०) आठवीनंतरच. मुद्रणांमधला फरकही मोठा आहे: सर्जिऊ कोमिसिओना यांचं मुद्रण आलुन फ्रान्सिस यांच्यापेक्षा दहा मिनिटांहून जास्त लांबतं. मला फ्रान्सिस यांची गती जास्त पटते, कारण शेवटचा एफ मेजरमधला साधा, प्रार्थनेसारखा समारोप येईपर्यंत कानात जीव उरतो.

आजारपणाच्या चष्म्यातून मात्र हे ऐकू नका. संधिवाताने त्यांची बोटं गेली, १९७० मध्ये नऊ महिने ते रुग्णालयात होते, दहावीचे आराखडे तिथेच झाले, हे खरं. पण पॅरिसला ओनेगेर आणि लाइबोवित्झ या संगीतकारांकडे शिकून आलेला हा पक्का कारागीर आहे, आणि प्रत्येक कर्कश जागेला वेदना म्हणून मोकळं झालं की त्यामागची बांधणी ऐकायची राहून जाते. दहावी आणि तेरावी त्या बांधणीसाठीच पुन्हा पुन्हा ऐकाव्यात, पण एका दिवशी एकच. आल्टो सॅक्सोफोनची सोळावी मध्येच कधीही चालेल. अपुरी राहिलेली पहिली, जी लिंडबर्ग यांनी वाजवण्याजोगी केली, ती मात्र सगळ्यात शेवटी ठेवा.