प्रीपेड सेशनसाठी कर्ल की एचटीटीपीएक्स?

आधी रक्कम भरायची, टोकन घ्यायचं आणि शिल्लक संपेपर्यंत त्या टोकनवर रिक्वेस्ट मारत राहायच्या. अशा सेवेसाठी क्लायंट लिहायचा म्हटलं की प्रश्न येतो: कर्ल (कमांड लाइनवरून एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवणारं साधन) आणि छोटी शेल स्क्रिप्ट पुरेल, की पायथनमध्ये एचटीटीपीएक्स ही लायब्ररी घेऊन नीट क्लायंट बांधावा? मी दोन्ही वापरलंय, आजही वापरतो. पण नव्या कामाला हात घालताना बोटं कुठे वळतात ते पुढे कळेलच.

कर्लचं कौतुक आधी. सगळीकडे असतो, काय पाठवलं नि काय आलं ते लख्ख दाखवतो. टोकन तेवढं कमांडमध्ये थेट लिहू नका. त्याच मशीनवर दुसऱ्या कुणी पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) चालवली की ते दिसू शकतं. प्रीपेड टोकन म्हणजे ज्याच्या हातात त्याचे पैसे. ७.५५.० आवृत्तीपासून हेडर फाइलमधून वाचता येतात, तोच मार्ग बरा. सेवा उरलेली शिल्लक एखाद्या हेडरमध्ये कळवत असेल तर ७.८४.० पासून तो हेडर थेट ‘राइट-आउट’ पर्यायातून छापून घेता येतो. ग्रेप-सेडने मजकूर गाळत बसायची कसरत नको.

कर्लचा ‘रिट्राय’ही या कामाला बराच समजूतदार आहे. टाइमआउट आणि ४०८, ४२९, ५००, ५०२, ५०३, ५०४ या तात्पुरत्या अडचणींच्या एचटीटीपी कोडवर तो पुन्हा प्रयत्न करतो, ‘रिट्राय-आफ्टर’ (किती वेळाने पुन्हा या) हेडरचा मान राखतो, आणि ४०१ (टोकन अमान्य) किंवा ४०२ (पैसे भरा) आला की गप्प बसतो. गप्प बसायलाच हवं, रिकाम्या पाकिटात पुन्हा पुन्हा हात घालून काय मिळणार? शिवाय प्रत्येक फेरीत हेडर तेच जातात, त्यामुळे ‘आयडेम्पोटन्सी-की’ (हे तेच काम आहे हे सर्व्हरला सांगणारी खूण) हीसुद्धा तीच राहते आणि सेवा ती की पाळत असेल तर एकाच कामाचे दोनदा पैसे कापले जात नाहीत. हेच तुम्ही स्वतःच्या फॉर-लूपमध्ये केलंत आणि त्या खुणेसाठीचा यूयूआयडी (एकमेव क्रमांक) लूपच्या आत काढलात, तर प्रत्येक फेरी सर्व्हरच्या लेखी नवं काम.

इथवर कर्ल कुठेच कमी पडत नाही. माझ्या मनातला काटा झुकला तो सेशन मध्येच संपण्यावरून.

समजा एक्सआर्ग्ज या कमांडने आठ कर्ल समांतर सोडलेत. शिल्लक संपली किंवा मुदत सरली की आठांपैकी बहुतेकांना जवळजवळ एकाच वेळी ४०२ येतो. स्क्रिप्टमध्ये ‘४०२ आला की नवं सेशन उघड’ असं लिहिलेलं असेल तर प्रत्येक जण नवं सेशन उघडतो, आणि प्रत्येक सेशनमागे नवी ठेव अडकते. त्यातलं एकच पुढे वापरात येतं. बाकीच्यांची रक्कम सेशन बंद करेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत तिथेच पडून. पैसे बुडतात असं नाही, पण वापराविना अडकलेली रक्कम हा डोक्याला ताप आहेच.

यावर शेलमध्ये उपाय आहे. एफलॉक या कमांडने कुलूप (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारा अडसर) घ्यायचं, कुलूप मिळाल्यावर टोकनची फाइल पुन्हा वाचायची, दरम्यान कुणी बदलली असेल तर नवं सेशन न उघडता तेच टोकन घ्यायचं. नवी फाइल लिहायची ती तात्पुरत्या नावाने आणि मग एमव्ही कमांडने नाव बदलून जागेवर आणायची. चालतं. पण एवढं लिहून झाल्यावर ती स्क्रिप्ट उरत नाही, तो शेलमध्ये लिहिलेला क्लायंट होतो. कर्लचा स्वतःचा ‘पॅरलल’ पर्याय इथे कामाचा नाही, कारण रिक्वेस्ट चालू असताना टोकन बदलायला त्यात आपला कोड घुसवायची जागा नाही.

एचटीटीपीएक्समध्ये हीच गोष्ट तिच्या जागी बसते. त्याच्या ऑथ (ओळखपत्र जोडणाऱ्या) वर्गातलं ‘ऑथ फ्लो’ हे जनरेटर, म्हणजे मध्येच थांबून पुढे चालू होणारं फंक्शन आहे: रिक्वेस्ट यील्ड करायची (बाहेर सोपवायची), उत्तर परत हातात येतं, ४०२ दिसला तर टोकन बदलून तीच रिक्वेस्ट पुन्हा यील्ड करायची. बाहेरच्या कोडला याचा पत्ताही लागत नाही. असिंक (एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट चालवणारी पद्धत) वापरत असाल तर ऑथ फ्लोची असिंक आवृत्ती स्वतः लिहा, आत लॉक घ्या, आणि नाकारलेल्या रिक्वेस्टवरचं टोकन सध्याच्या टोकनशी ताडून पाहा. वेगळं असेल तर शेजाऱ्याने सेशन आधीच उघडलंय, नुसती पुन्हा पाठवा. एवढ्या तुलनेने आठांच्या जागी एकच ठेव जाते. किंमत उत्तराच्या बॉडीत येत असेल तर साध्या ऑथ फ्लोत ‘रिक्वायर्स रिस्पॉन्स बॉडी’ चालू करायला विसरू नका; असिंक आवृत्ती स्वतः लिहिलीत तर हा पर्याय चालत नाही, बॉडी तिथे स्वतःच वाचून घ्या.

खोटी आशा मात्र नको. टाइमआउटचा अपवाद ऑथ फ्लोपर्यंत येत नाही. ट्रान्सपोर्टचे (प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या थराचे) ‘रिट्राइज’ फक्त जोडणीच न झाल्यास चालतात, आणि मला ते योग्यच वाटतं: जोडणी झाली नाही म्हणजे पैसेही कापले गेले नाहीत. संशयाचा मामला रीड टाइमआउटचा, म्हणजे उत्तराची वाट किती पाहायची याचा. डीफॉल्ट पाच सेकंदांचा आहे. सेवा संथ असेल तर तुम्ही फोन ठेवता, सर्व्हर काम पुरं करतो आणि भुर्दंड तुम्हाला. तो वाढवाच. बॉडी जनरेटरमधून येत असेल तर ती दुसऱ्यांदा पाठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि आवृत्ती बांधून ठेवा, ०.२८ मध्ये ‘प्रॉक्सीज’ हे आर्ग्युमेंट काढून टाकलं तसं पुढेही होऊ शकतं.

‘मग पायथनची नेहमीची रिक्वेस्ट्स लायब्ररीच का नको?’ असं कुणी विचारेल. चांगली लायब्ररी आहे, पण नेटआरसी (होस्टनुसार पासवर्ड ठेवायची) फाइलमध्ये त्या होस्टची नोंद असली की ऑथरायझेशन हेडरमध्ये दिलेलं टोकन ती बाजूला सारते. ‘ट्रस्ट एन्व्ह’ ही सेटिंग बंद केली की हे थांबतं, फक्त ते माहीत असावं लागतं.

रिक्वेस्ट एकामागून एक जाणार असतील, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या व्यवस्थेत) एकच काम असेल किंवा मशीनवर पायथनच नसेल, तर कर्ल घ्या, उगाच पसारा नको. समांतर काम आणि मध्येच संपू शकणारं सेशन एकत्र आले की मी तरी एचटीटीपीएक्सकडे जातो. सेशन बंद करायची सोय दोन्हीकडे करावी लागते: शेलमध्ये एक्झिटवर ट्रॅप, पायथनमध्ये फायनली (दोन्ही म्हणजे बाहेर पडताना हमखास चालणारा कोड). प्रोसेस तत्काळ मारणाऱ्या किल -९ पुढे दोघांचंही काही चालत नाही, म्हणून ठेव लहान ठेवतो आणि मुदत जितकी आखूड मिळेल तितकी घेतो.