नेस्टले-आलांट, आवृत्ती २८ : तळटिपांसाठी घ्यावा असा ग्रीक नवा करार

ग्रीक नवा करार गांभीर्याने अभ्यासू पाहणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने कोणती प्रत विकत घ्यावी, असे मला कोणी विचारले तर मी नेस्टले-आलांटची, म्हणजे जुनी हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या ग्रीक नव्या कराराची, अठ्ठाविसावी आवृत्तीच सुचवेन. मात्र ती पानाच्या वरच्या भागासाठी नव्हे, खालच्या भागासाठी घ्यावी. वरची संहिता श्टुटगार्टच्या जर्मन बायबल सोसायटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. पैसे मोजायचे ते हस्तलिखितांतील फरक नोंदवणाऱ्या तळटिपांचे, आणि त्यांचे मोल मोठे आहे.

एबरहार्ड नेस्टले यांनी १८९८ साली पहिली आवृत्ती काढली, ती एकोणिसाव्या शतकातील विद्वानांच्या छापील आवृत्त्या एकमेकींशी ताडून. पुढे कुर्ट आलांट यांनी हे काम थेट हस्तलिखितांच्या पायावर आणले आणि १९५९ साली म्युन्स्टर येथे त्यासाठी संशोधनसंस्था उभी केली. २०१२ साली निघालेली प्रस्तुत आवृत्ती याच संस्थेच्या कामाचे फळ आहे.

पान उघडले की संहितेच्या शब्दांना लागून बारीक खुणा दिसतात. लहान वर्तुळ असले तर तो शब्द काही हस्तलिखित प्रतींत नाही. वेगळी खूण असली तर त्या जागी दुसराच शब्द आहे. खाली प्रत्येक खुणेसमोर पाठभेद, म्हणजे त्या जागचा वेगळा मजकूर, आणि तो देणाऱ्या प्रतींची संक्षिप्त चिन्हे येतात : ‘बी’ म्हणजे व्हॅटिकन हस्तलिखित, हिब्रू आलेफ म्हणजे सिनाई हस्तलिखित, ‘पी’ आणि अंक म्हणजे पपायरस, अर्थात लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील प्राचीन प्रत. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. इतरांना ती अंगवळणी पडायला काही आठवडे द्यावे लागतील.

या परिश्रमाचे फळ काय, हे यहूदाच्या पत्राच्या पाचव्या वचनात दिसते. इस्राएल लोकांना मिसर देशातून कोणी सोडवले? आधीच्या, सत्ताविसाव्या आवृत्तीच्या संहितेत ‘प्रभू’ होता. या आवृत्तीत ‘येशू’ आहे. अलेक्झांड्रियन व व्हॅटिकन ही दोन्ही जुनी हस्तलिखिते ‘येशू’च्या बाजूने आहेत, सिनाई हस्तलिखित ‘प्रभू’च्या, तर बहात्तराव्या पपायरसात ‘देव ख्रिस्त’ असा तिसराच पाठ आहे. निर्गमाच्या घटनेत ख्रिस्ताचे कर्तृत्व पाहणारा हा पाठ ख्रिस्तशास्त्राच्या, म्हणजे ख्रिस्त कोण याविषयीच्या शिकवणीच्या, अभ्यासात फार महत्त्वाचा आहे, आणि वाचकाला तो संपादकांच्या शब्दावर विसंबून न राहता साक्षीदारांची नावे पाहून पारखता येतो.

संपादकांचा प्रत्येक निर्णय मात्र मला पटलेला नाही. पेत्राचे दुसरे पत्र, ३:१० येथे आपल्या परिचित मराठी शास्त्रात पृथ्वी व तिच्यावरील कामे ‘जळून जातील’ असे आहे, आणि अलेक्झांड्रियन हस्तलिखितासह अनेक प्रती त्याला आधार देतात. सिनाई व व्हॅटिकन प्रतींत ‘आढळतील’ अशा अर्थाचा अवघड पाठ आहे. या आवृत्तीने मात्र ‘आढळणार नाहीत’ हा पाठ स्वीकारला आहे, आणि त्याला एकाही ग्रीक हस्तलिखिताचा आधार नाही. तो केवळ कॉप्टिक व सिरियाक या प्राचीन भाषांमधील भाषांतरांत सापडतो. अर्थ सोपा व्हावा म्हणून भाषांतरकाराने ‘नाही’ घालणे मला अधिक संभवनीय वाटते. तरीही इथेच या आवृत्तीचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण माझ्या हरकतीला लागणारा सगळा पुरावा तिनेच त्या पानावर ठेवला आहे.

अशा तळटिपांमुळे विश्वास डळमळेल, ही भीती मंडळ्यांमधून ऐकू येते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील ९ ते २० ही वचने दुहेरी कंसात, म्हणजे मूळ संहितेचा भाग नसल्याच्या खुणेत, पाहून नवा विद्यार्थी बावरतो, हे खरे आहे. सिनाई व व्हॅटिकन प्रतींत ते शुभवर्तमान आठव्या वचनापाशीच थांबते, हे त्याला कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे. पण प्रभूचे पुनरुत्थान त्या बारा वचनांवर अवलंबून नाही. रिकामी कबर आणि ‘तो उठला आहे’ ही घोषणा सहाव्याच वचनात आहे. पाठभेद लपवून जपलेल्या विश्वासापेक्षा ते पाहून टिकलेला विश्वास मला अधिक भरवशाचा वाटतो.

पुस्तक म्हणून पाहता, कागद पातळ आणि तळटिपांची अक्षरे फारच बारीक आहेत. चाळिशी ओलांडलेल्यांनी भिंग जवळ ठेवावे. बाहेरच्या समासातील संदर्भवचने आणि परिशिष्टातील जुन्या कराराच्या अवतरणांची यादी प्रवचनाच्या तयारीला नित्य उपयोगी पडते. प्रस्तावना जर्मन आणि इंग्रजीत आहे. खुणा कशा वाचाव्यात हे शिकवणारी मराठी पुस्तिका एखाद्या सेमिनरीने तयार करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे; ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू व ग्रीकवरून अवघे पवित्र शास्त्र आणले, त्या भाषेत एवढी सोय असायलाच हवी.

ज्यांचे ग्रीक व्याकरण अजून पक्के झालेले नाही, त्यांनी आधी युनायटेड बायबल सोसायटीजची पाचवी आवृत्ती घ्यावी. तिची संहिता हीच आहे, पाठभेद निवडक आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी संपादकांना किती खात्री आहे हे ‘ए’ ते ‘डी’ अशा श्रेणींनी दाखवले आहे. दोन्ही प्रती एकदम घेण्याची गरज नाही. वर्षभर ती वापरल्यावर, अमुक पाठ संपादकांनी का निवडला हे स्वतः तपासावेसे वाटू लागले, की मग नेस्टले-आलांटकडे वळावे.