अंतरपाटाचा धंदा आणि वाशीच्या कोच: पैसे वसूल झाले का?

आधी सरळ उत्तर देते. ऑर्डरी भरपूर आहेत पण महिनाअखेर हातात काही उरत नाही, अशांनी बिझनेस कोच जरूर लावावा. ज्यांची पहिली गिऱ्हाइकंच अजून यायची आहेत, त्यांनी तेच पैसे कापडा-रंगात घालावेत. मी पहिल्या गटातली, म्हणून मला फायदा झाला.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. हाताने रंगवलेले अंतरपाट, रुखवताच्या वस्तू, सप्तपदीच्या सजवलेल्या सुपाऱ्या असा घरूनच चालणारा व्यवसाय आहे. शिवणाला सुनंदाताई येतात, बाकी सगळं मी. कोच मॅडम वाशीच्या. तीन महिन्यांचं पॅकेज, आठवड्याला एक तास, पहिली आणि शेवटची भेट समोरासमोर, मधल्या सगळ्या व्हिडिओवर. फी ३६,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२,४८० रुपये. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे तो कर माझ्याच खिशातून गेला. तुम्ही ठरवताना पूर्ण आकडा धरा. मॅडमचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

पहिल्या भेटीला मी हौसेने माझे चांगले अंतरपाट घेऊन गेले, ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत पिशवी छातीशी धरून. मॅडमनी बघितले, "सुंदर आहेत" म्हणाल्या आणि घडी घालून बाजूला ठेवले. "आता यातल्या एकाचा हिशोब सांगा. सगळा."

मी तोंडपाठ सांगितला. कापड आणि अस्तर ७००, रंग, जर, लेस ४५०, सुनंदाताईंची शिलाई ४००, खोका आणि कुरिअर २५०. झाले १,८००. विकते ३,५०० ला. सुटतात १,७००. निम्म्याच्या आसपास नफा, वाईट काय आहे?

"आणि तुमचे तास?"

मग त्यांनी एका ऑर्डरचा व्हॉट्सअ‍ॅप पहिल्यापासून वाचायला लावला. रंगवायला नऊ तास. पण त्याआधी नवरीने वारली वरात पसंत केलेली, मग तिच्या आत्याला हत्तीऐवजी घोडा हवा झालेला, मग मुलाकडच्यांना आडनाव नको होतं, मग पुन्हा हत्ती. प्रत्येक वेळी मी नवं डिझाइन काढून फोटो पाठवलेला, रात्री साडेअकरालासुद्धा. मंगलदास मार्केटची कापडखरेदी, दादरची लेस हे वेगळंच. सगळं मिळून वीसेक तास भरले. १,७०० भागिले २०, तासाला ८५ रुपये. आमच्या पोळ्यांच्या मावशींना तासाचे याहून जास्त पडतात, आणि त्यांना कोणी घोड्याचा हत्ती करायला लावत नाही.

हा हिशोब मला घरी करता आला नसता का? आला असता, बेरीज-भागाकारच आहे. पण समोर बसून "हे तास कुठे लिहिलेत?" असं विचारणारं घरात कोणी नसतं. घरचे "किती छान केलंस" म्हणतात, मैत्रिणी "आमच्यासाठी जरा कमी कर" म्हणतात.

त्यातून निघालेली गोष्ट म्हणजे ऑर्डरचा कागद. एका पानाचा, मराठीत. निम्मी रक्कम आधी, ती आल्याशिवाय कापड कापायचं नाही. डिझाइनमध्ये दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून प्रत्येकी ३०० रुपये. नावांचं शुद्धलेखन गिऱ्हाइकाने लेखी कळवायचं. मॅडमचा आग्रह होता की सगळ्यांच्या वतीने एकाच माणसाने बोलायचं आणि त्याचं नाव कागदावर हवं. ही अट सोन्याची. आता आत्याबाई, मामी, वहिनी सगळ्यांचं आपापसांत ठरून मगच माझ्याकडे निरोप येतो. अंतरपाट ५,८०० चा केला, तास चौदावर आले. म्हणजे तासाला २८५ च्या घरात. काही गिऱ्हाइकं "फारच वाढवलंत हो" म्हणून गेली. ऑर्डरी घटल्या, उरणारे पैसे वाढले, आणि माझी मान दुखायची थांबली.

दुसरा मोठा फायदा पंचांगाचा, आणि तो आम्ही दोघींनी मिळून काढला. मॅडमच्या एक्सेलमध्ये जानेवारी-मार्च, एप्रिल-जून असे चौकोन. लग्नाच्या धंद्याला ते काय कामाचे? आमचं वर्ष तुळशीच्या लग्नापासून उघडतं आणि आषाढीला मिटतं, चातुर्मासात रुखवत विचारायला कोणी येत नाही. मी चौकोनांवर तिथी लिहिल्या तेव्हा दिसलं की २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे उन्हाळ्याच्या सराईतला ऐन महिना गेला. मी कपाळाला हात लावला. मॅडमनी शांतपणे विचारलं, "त्या महिन्यात तुमचे लोक कशावर खर्च करतात?"

कशावर म्हणजे? जावयाच्या वाणावर! तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे, चांदीचा दिवा, तांब्याचं ताट. आणि त्या ताटावर झाकायला आपण काय देतो, तर घरात सापडेल तो क्रोशाचा रुमाल. मी लक्ष्मीनारायण आणि तेहतीस दिव्यांची किनार असलेले ताटावरचे रुमाल काढले, खणाचा काठ लावून. एकच डिझाइन, नावं नाहीत, म्हणजे घोडा-हत्तीची भानगडच नाही. अधिकाला अवकाश आहे तरी मागणी सुरू झालीय. सासवा फार लवकर तयारीला लागतात. पुढच्या वेळी अधिक येईल तेव्हा डिझाइन तयार असेल.

कायद्याच्या बाबतीत मॅडम स्वतः फार खोलात शिरल्या नाहीत, हे मला आवडलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, तेवढी लगेच करायला लावली. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. मला एक एजंट त्याचेच पैसे सांगत होता. तिचा उपयोग मला एका डेकोरेटरकडे झाला, जो माल घेऊन "पुढच्या आठवड्यात" करत बसला होता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. आता बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली ही एक ओळ छापलेली असते. जीएसटीसाठी मात्र त्यांनी थेट सीएकडे पाठवलं. महाराष्ट्रात वस्तूंची विक्री वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही, पण माल बेंगळुरू-हैदराबादला जाऊ लागला की नियम बदलतात, आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सवलत आहे. आपली वस्तू त्यात बसते का, ते सीएलाच विचारावं.

आता न आवडलेलं. पॅकेजमध्ये रविवारची गटसभा फुकट म्हणून जोडलेली आहे. हॉटेलचा हॉल, माइक, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि "मी करू शकते" म्हणायचं. मासिकांतली चित्रं कापून स्वप्नांचा तक्ता बनवायचा. माझ्या शेजारी एक केटरर बसले होते, त्यांनी तक्त्यावर फक्त फ्रीजर चिकटवला. मला त्यांचं पटलं. या सभेला पुन्हा गेले नाही, फीमध्ये वजावट मागितली, मिळाली नाही.

रीलसाठी महिन्याच्या ठेक्यावर एजन्सी नेमा, हाही सल्ला मी बाजूला ठेवला. माझी बरीच गिऱ्हाइकं घंटाळीच्या सहयोग मंदिरात लागणाऱ्या प्रदर्शनांतून आणि लग्नात अंतरपाट बघितलेल्या पाहुण्यांकडून येतात. सुपाऱ्यांसारख्या स्वस्त वस्तू बंद करा, त्यात काही सुटत नाही, असंही मॅडमचं म्हणणं होतं. आकड्यांत ते खरं आहे. पण मुलीची आई स्टॉलवर थांबते ती दीडशे रुपयांच्या सुपाऱ्यांपाशी, अंतरपाटापर्यंत ती नंतर पोचते. सुपाऱ्या ठेवल्या. त्यावर आमचा थोडा वादही झाला, आणि मॅडमनी तो मोकळेपणाने ऐकून घेतला.

कोच शोधताना एक लक्षात घ्या, आपल्याकडे स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कुठला परवाना लागत नाही. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या आयसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एसीसी, पीसीसी, एमसीसी अशा चढत्या पायऱ्या आहेत. एसीसीला किमान १०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसीला ५००, एमसीसीला २,५००. यावरून माणसाने किती तास हे काम केलंय ते कळतं, त्याला तुमचा धंदा कळतो का ते नाही. मी पहिल्या फोनवर एवढंच विचारलं होतं की हाताने वस्तू बनवणारं कोणी तुमच्याकडे होतं का आणि मी त्यांच्याशी बोलू का. मॅडमनी एका कुंभारकाम करणाऱ्या मुलीला विचारून तिचा नंबर दिला. कर्ज, सरकारी योजना, नोंदणी एवढंच हवं असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रात जाऊन या. त्या माहितीसाठी कोचला हजारो रुपये द्यायची गरज नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो टाळ्यांचा.

पुढचं सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं नाही. दर आठवड्याला विचारण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही. सराई संपली की एक सुटी बैठक घ्यायची असं ठरलंय, ती ४,००० अधिक जीएसटी. वेळ घेताना सकाळची मागा. संध्याकाळी मॅडमचा फोन सारखा वाजतो आणि तासातली दहा मिनिटं त्यात जातात.