मॅट्रिक्स घड्याळ आणि त्यातला नाण्याएवढा सेल

घरी बनवलेलं 32 बाय 8 एलईडी ठिपक्यांचं मॅट्रिक्स घड्याळ भिंतीवर लावून एक हिवाळा आणि एक उन्हाळा निघाला. कोड चालवायला अर्डुइनो नॅनो बोर्ड, ठिपक्यांसाठी मॅक्स7219 चिपचं चार-इन-वन पॅनल, वेळेसाठी डीएस3231 चिप. जोडणी आणि कोड कुठंही मिळतो, ते उगाळत नाही. अक्षरं उलटीपालटी आली तर लायब्ररीत हार्डवेअरचा प्रकार एफसी16 करा, झालं. मला बोलायचं आहे ते आरटीसीच्या, म्हणजे लाईन नसतानाही सेलवर वेळ धरून ठेवणाऱ्या त्या डीएस3231 च्या, सेलबद्दल.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. मिरगाच्या तोंडावर वारं सुटलं की लाईन जाते. या वर्षी लाईन परत आली की घड्याळात 7:42. सकाळी 7:42, भर दुपारी 7:42. आरटीसीची वेळ पुसली गेली की कोड कंपाईल झाला तीच वेळ त्यात भरायची, असं लायब्ररीच्या नमुना कोडमध्येच आहे. म्हणजे सेल मेला. उघडून पाहिलं तर फुगलेला, कडेला पांढरं आलेलं. जो सेल साध्या घड्याळात वर्षानुवर्षं चालतो, तो इथं वर्षही टिकला नाही!

डीएस3231 ज्यावर येते त्या झेडएस-042 छापलेल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची सोय आहे: एक डायोड आणि 201 लिहिलेला 200 ओहमचा रेझिस्टर. ती एलआयआर2032 या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. ऑनलाइन विक्रेत्यानं मात्र सोबत दिला सीआर2032, जो चार्ज करायचाच नसतो. बरं, एलआयआर टाकला तरी 4.2 व्होल्टला थांबवणारं तिथं काही नाही, 5 व्होल्टमधून डायोडचे गेले तरी त्याहून जास्तच उरतात. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘सेल वॉरंटीत येत नाही.’ मी लिहिलं, सेल नको, चार्जिंगचं बोला. तक्रार बंद झाली आणि वर पाच स्टार द्यायचा मेसेज आला. तीस रुपयांच्या सेलसाठी एवढं भांडतो म्हणून घरचे हसतात, हसू द्या.

उपाय फुकटचा आहे. सोल्डरिंगच्या टोकानं 201 उडवा, नवा सीआर2032 बसवा. त्यानंतर लाईन किती वेळा गेली त्याचा हिशेब नाही, वेळ हलली नाही.

हिवाळ्यात मी सगळ्यांना सांगत होतो की आरटीसी कशाला, वायफायवाला ईएसपी8266 बोर्ड घ्या, वेळ नेटवरून येते. ते आता मागे घेतो. आमच्याकडं लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही झोपतो, आणि लाईन आली म्हणून नेट लगेच येईल असं नाही. डीएस3231 ची चूक 0 ते 40 अंशांत ±2 पीपीएम (दहा लाखांत दोन), म्हणजे वर्षाला मिनिटभर. मे महिन्यात आमची खोली त्या 40 च्या बाहेर होती, तरी मोबाइलशी ताडलं तर फरक सेकंदांचाच. दोन पैसे वाचवायला डीएस1307 ही दुसरी आरटीसी चिप घेऊ नका. तिच्यात तापमानाची भरपाई नाही, 45 अंशांत तिच्यासोबतचा वेळ मोजणारा साधा क्रिस्टल दिवसाला सेकंदभर मागं पडतो.

भलतीच आवडलेली गोष्ट म्हणजे तापमान. त्या चिपमध्ये सेन्सर असतोच, म्हणून कोडच्या दोन ओळी वाढवल्या. मग काय, मे महिन्यात येणारा-जाणारा दारातूनच विचारे, “किती झालं बे आज?” आजी म्हणते, “तुही घडी पाहूनच घाम येते मले.” मॉड्यूल डब्यात पॅनलमागं असेल तर आकडा दोन-तीन अंश फुगतो, म्हणून मी ते खाली बाहेर काढलं.

उजेडाच्या 16 पायऱ्या आहेत, पण सगळ्यात खालची, 0 वाली, सुद्धा रात्री डोळ्यांवर येते. पॅनलवर काळ्या फाईलचं प्लास्टिक लावलं. बाबांना मात्र दिवसाचाच उजेड रात्री हवा, कृषी पंपाची लाईन रात्रपाळीची असली की त्यांना अंगणातूनच, चष्म्याशिवाय वेळ दिसते. त्यावर अजून तडजोड झालेली नाही.